डबीवरची सरजाबाई

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकते. मुकादम त्या दोघांना मिळून एक कोयता म्हणतो. माझी आई सुमनबाई आणि समोरच्या घरातली सरजामावशी, या दोघी बायांचा मिळून एक कोयता होता.

मी रांगत होते तेव्हाच माझे वडील घर सोडून गेले. मावशीचा नवरा सिताराम उसाच्या फडावर साप चावून वारला. दोघींनाही जोडीदार राहिला नाही. मुकादम आधी नकोच म्हणत होता, बायाबायांची जोडी कुणी धरत नव्हतं. मावशी त्याला म्हणाली, "चार दिस बघा. जमलं न्हाई तर आमच्या पायानं माघारी जाऊ."

माघारी जायची वेळ आली नाही. मावशी उंच होती, हाडापेरानं दणकट. तोडायचं काम ती करायचीच, वर मोळ्याही उचलायची. आईला हलकी मोळी मिळावी म्हणून स्वतःची जड बांधायची आणि आईनं विचारलं तर सरळ नाही म्हणायची. दिवाळीनंतर गाव सोडायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, असे त्यांचे किती हंगाम गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी आणि मावशीचा बालाजी फडावरच वाढलो. आईनं पुढं मला वसतिगृहात ठेवलं. मी डी.एड. केलं आणि सोनपेठला एका खासगी शाळेत लागले. बालाजी ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायला लागला, त्याचं बबिताशी लग्न झालं.

त्याच सुमाराला मावशीचे गुडघे गेले.

गुडघे एका दिवसात जात नाहीत. आधी फळीवर चढताना तिचा पाय थरथरायचा. मग ती बसली की उठताना भिंत धरायची. करोनाच्या आदल्या हंगामात मुकादमानं तिला नेलंच नाही. आईही गेली नाही. मावशी घरात फरशीवर बसून ढुंगणावर सरकत सरकत चुलीपासून दारापर्यंत यायची. गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. गुडघ्याच्या वाट्या झिजल्यात, त्या बदलाव्या लागतील, तोपर्यंत या गोळ्या, असं सांगितलं. वाट्या बदलायचं कुणी मनावर घेतलं नाही. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली, म्हणून तिनं त्याही सोडल्या.

तिला दुखण्यापेक्षा दुसरीच गोष्ट खात होती. एकदा आईजवळ बोलताना मी ऐकलं.

"सुमन, बबिता मला संडासातून उचलती तवा तोंड फिरवती. वास येतो म्हणून न्हाई, मला लाज वाटू ने म्हणून. त्येच लय लागतं मनाला."

सोनपेठच्या आठवडी बाजारात तेव्हा बन्सीधरचा टेम्पो यायला लागला होता. हा बन्सीधर गंगाखेडचा. आधी तो भोंग्यावर ओरडून स्टीलची भांडी विकायचा. आवाज खणखणीत, बोलणं गोड. भांड्यांच्या धंद्यात काही उरलं नाही तेव्हा त्यानं पांढरा सदरा शिवला, गळ्यात रुद्राक्षाची माळ घातली आणि पायगुण चूर्ण विकायला लागला. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर प्लास्टिकचा एक गुडघा टांगलेला असायचा. तो गुडघा कर्रकर्र वाजवून तो सांगायचा की तुमच्या गुडघ्यातलं तेल संपलंय, ते आम्ही भरून देतो. डबी हिरव्या रंगाची, त्यावर धावणाऱ्या घोड्याचं चित्र. शंभर टक्के जडीबुटी, असं खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं.

बालाजीनं एक डबी आणली. आणून कोनाड्यात ठेवली आणि त्याच्या आईला म्हणाला, "घिऊन बघ. न्हाई तर न्हाई."

दोन-तीन दिवस झाले असतील. मी शाळेत जायला निघाले होते, आई उंबऱ्याजवळ सूप घेऊन तांदूळ निवडत होती. समोरच्या घरातून सरजामावशी बाहेर आली. भिंत न धरता आली. मधला रस्ता ओलांडून आमच्या दारात येऊन उभी राहिली. आई उठताना सूप कलंडलं, तांदूळ सांडले, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"सरजे, तू चालत आलीस?"

"चालत आले. काठी बी घेतली न्हाई."

त्या दोघी तशाच निघाल्या. वस्तीतल्या बुद्धविहारापर्यंत गेल्या, तिथून बसथांब्यापर्यंत गेल्या, काही काम नसताना तिथल्या बाकावर बसून परत आल्या. वस्तीतली सगळी माणसं दारात येऊन बघत होती. मावशी नुसती चालत होती.

पुढच्या बाजारी ती स्वतः सोनपेठला गेली. बन्सीधरच्या टेम्पोपाशी गर्दीत उभी राहून म्हणाली, "वैद्यजी, तुमचे उपकार झाले." गर्दीतून स्वतःच्या पायांनी चालत आलेली, अंगापिंडानं उंच अशी ती बाई बघून त्यानं लगेच ओळखलं की आपल्याला काय सापडलंय. हात धरून तिला वर घेतलं आणि माईक पुढं केला. मावशी आधी लाजली. मग सरळ बोलली.

"मी सरजाबाई. ऊसतोडीची बाई. मला हागायला बी उचलून न्यावं लागायचं. हे चूर्ण घेतलं आन् आज मी चालत आले. मी खोटं कामून बोलू. मला गुण आलाय."

बन्सीधरनं ते मोबाइलमध्ये भरून घेतलं. तिचा फोटो काढला. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, खांदे ताठ, चेहरा उभट आणि हसरा. तो तिला साडी देऊ लागला तर ती म्हणाली, "मला काई नको. माझे पाय दिले तुमी, आणखी काय पायजे." शेवटी त्यानं तिला जन्मभर फुकट डब्या द्यायचं कबूल केलं. महिन्याभरात हिरव्या डबीवरचा घोडा गेला आणि तिथं सरजामावशी आली.

ज्याला मान वगैरे म्हणतात तो तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. आजूबाजूच्या गावांतून बाया तिला बघायला यायच्या. कुणी पाथरीकडून, कुणी नदीपलीकडून. ‘डबीवरची बाई कुठं राहती’ असं बसथांब्यावर विचारायच्या. मावशी त्यांना बसवायची, बबिताला चहा ठेवायला सांगायची, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारायची, "कवापासून दुखायलंय?" आणि मग म्हणायची, "माझ्याकडं बघा. मी सांगायले न्हाई, माझे पाय सांगायलेत." ज्या घरात आमच्या लोकांना कधी ओसरीच्या वर घेतलं नाही, त्या घरातली एक पाटलीणबाई तिच्या खाटेवर बसून तिला ताई म्हणून गेली.  ती गेल्यावर मावशी आईला म्हणाली, "ऐकलंस का, ताई म्हणली."

आईची कंबर पुष्कळ वर्षं दुखत होती. मावशीनं आपल्या डब्यांतली एक तिला दिली. मग दर महिन्याला देत गेली. आईचं दुखणं थांबलं. कूस बदलताना कण्हायची ती कण्हेनाशी झाली. मलाही बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही.

दोघींची तब्येत सुधारली असं गाव म्हणायला लागलं. मावशीला भूक लागायची, सारखी लागायची. तिचा उभट चेहरा भरत भरत गोल झाला, गाल तुकतुकीत लाल दिसायला लागले, मानेमागं मांस चढलं. पोट सुटलं आणि हात मात्र काटक्यांसारखे बारीक झाले. नुसता धक्का लागला तरी कातडीवर जांभळा डाग उठायचा. सगळ्यांना वाटलं, बसून खाल्लं की असं होतंच.

पुढच्या उन्हाळ्यात सरपण गोळा करताना आईच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो तिनंच काढला. हळद लावली. जखम भरली नाही. मी विचारलं की म्हणायची, "दुखत न्हाई गं मला." आणि खरंच दुखत नव्हतं. एका रविवारी मी तिचा पाय धुवायला घेतला तेव्हा अंगठ्याच्या बाजूचं बोट काळं पडलेलं होतं आणि त्याला वास येत होता.

गंगाखेडच्या दवाखान्यात राजेश्री मॅडम नावाच्या डॉक्टर होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. साखर भयंकर वाढली होती. आईला कधी साखर असल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय काय औषधं चालू आहेत?"

"काई न्हाई," आई म्हणाली. "तेवढं चूर्ण घेते."

मी पिशवीतून डबी काढून दिली. मॅडमनी झाकण उघडून पाहिलं, परत लावलं.

"हे चूर्ण नावालाच असतं. यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात. त्यानं दुखणं दबतं, बरं होत नाही. साखर वाढते, हाडं पोकळ होतात, जखम भरत नाही. आणि दुखत नाही म्हणून माणसाला कळतही नाही की आत काय चाललंय."

त्यांनी लगेच नांदेडला पाठवलं. तिथं आईचा पाय गुडघ्याखाली कापला. विष तोपर्यंत रक्तात गेलं होतं. आई त्यातून उठली नाही.

आईला गावी आणलं तेव्हा सरजामावशी दारातच बसली होती.  पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मग मी समोरच्या घरात गेले. ती डबी मी तिच्यापुढं ठेवली आणि डॉक्टर जे बोलल्या ते सगळं सांगितलं.

ती डबीकडं बघत राहिली. "मला तर गुण आला की गं," एवढंच म्हणाली.

"हो. आईलाही आला होता," मी म्हणाले आणि निघून आले.

त्यानंतर मी तिच्याशी बोलणं सोडलं. समोरासमोर घरं, म्हणून मी मागचं दार वापरायला लागले.

तिनं त्याच दिवशी सगळ्या डब्या उकिरड्यात नेऊन टाकल्या. स्वतःचं चूर्णही बंद केलं. कुणाला विचारलं नाही. आठवडा गेला नसेल, तिला उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडलं, डोळे फिरवले. बालाजीनं आश्रुबाच्या ऑटोत घालून तिला गंगाखेडला नेलं. आश्रुबा आमच्याच वस्तीतला, त्याचा ऑटो सोनपेठ ते गंगाखेड चालायचा. पुढचं मला बबितानं सांगितलं.

मावशी शुद्धीवर आल्यावर राजेश्री मॅडमनी तिला समजावलं. हे औषध इतके दिवस बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतः ते बनवायचं विसरतं. एकदम बंद केलं तर माणूस जातो. आता तेच औषध मोजून घ्यायचं आणि हळूहळू कमी करायचं. कदाचित थोडं कायमच घ्यावं लागेल.

मावशीनं विचारलं, "म्हंजी त्येच इष आता तुमी देणार?"

"हो. पण मोजून देणार. आणि तुम्हाला सांगून देणार."

तिनं पांढरी बारीक गोळी तळहातावर घेतली. बबिता म्हणाली, सासूबाई इतका वेळ त्या गोळीकडं बघत होत्या की मला वाटलं फेकून देतील. पण शेवटी तिनं ती पाण्याबरोबर घेतली.

घरी आली तेव्हा तिचे गुडघे पुन्हा दुखायला लागले होते, आधीपेक्षा जास्त. पुन्हा फरशीवर सरकणं आलं. पुन्हा बबितानं उचलणं आलं.

मॅडमनी बाजारातून एक डबी मागवून तपासायला पाठवली होती. वर कळवलंही होतं. पण तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत बाजारात टेम्पो चालूच होता. एक दिवस बबिता आमच्याकडं आली आणि म्हणाली की सासूबाई बोलवायल्यात. मी नाही म्हणाले. ती परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी गेले.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा इतका सुजलेला की डोळे बारीक झाले होते.

"सुके, तू माझ्यासंग बोलू नको," ती म्हणाली. "मला बाजारात जायाचंय. बालाजी नको म्हणतो, ती मानसं भांडतील म्हणतो. तू नुसतं माझ्या बाजूला हुबी ऱ्हा. तू सुमनची लेक हाईस. बायांना तुला दावीन."

 बाजाराच्या दिवशी शाळेतून रजा घेतली आणि ऑटोत तिच्या शेजारी बसले.

टेम्पो नेहमीच्या जागी, पिंपळाखाली उभा होता. फाळक्यावर तिच्या फोटोचा मोठा फलक आणि भोंग्यातून तिचाच आवाज. मी सरजाबाई. ऊसतोडीची बाई. मी खोटं कामून बोलू. तेच पुन्हा पुन्हा वाजत होतं. मधूनमधून बन्सीधर माईकवर येऊन भर घालायचा. बाया-माणसं डब्या घेत होती, काही जणी चार-चार घेत होत्या.

आश्रुबानं आणि मी तिला उतरवून टेम्पोसमोर पोत्यावर बसवलं. ती मोठ्यानं बोलायला लागली.

"बायांनो, हे घिऊ नका. मी सरजाबाई. ती वरची मीच हाय. ह्या चूर्णानं माझी जोडीदारीण मेली. ही तिची लेक. ह्यात इंग्रजी गोळ्या कुटल्यात."

भोंग्यापुढं तिचा आवाज किती पोचणार. जवळच्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. त्यांतल्या एकीच्या हातात नुकतीच घेतलेली डबी होती. तिनं वाकून डबी मावशीच्या तोंडाजवळ धरली, डबीकडं बघितलं, मावशीकडं बघितलं, परत डबीकडं बघितलं.

"न्हाई गं," ती सोबतिणीला म्हणाली. "ती बाई येगळी हाय. ती चांगली उभट तोंडाची हाय."

"मीच हाय माय," मावशी म्हणाली. "ह्यानंच सुजलंय माझं त्वांड."

मी पुढं होऊन सांगायला लागले. माझी आई कशी गेली ते सांगितलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं. एक माणूस म्हणाला, मॅडम, तुम्ही मेडिकलवाल्यांकडून आलात काय. दोघं-तिघं हसले.

तेवढ्यात बन्सीधरचं लक्ष गेलं. त्यानं भोंग्यातला आवाज बंद केला आणि टेम्पोवरून खाली बघितलं. त्यानं मावशीला ओळखलं. मी त्याच्या डोळ्यांकडंच बघत होते, मला खात्री आहे.  मग त्यानं माईक तोंडाशी नेला.

"बघा मंडळी, ही मावशी किती हैराण हाय. दुखण्यानं डोकं बी चालंना बिचारीचं. द्या, हिला एक डबी द्या. आपल्याकडून फुकट द्या. हिचा दुवा लागंल आपल्याला."

त्याच्या माणसानं एक डबी आणून मावशीच्या मांडीवर ठेवली. मावशीनं ती उघडली आणि पालथी केली. पिवळसर भुकटी मातीत पडली. गर्दीतल्या कुणी तरी म्हणालं, खुळी हाय. बन्सीधरनं भोंगा पुन्हा चालू केला. आम्ही तिला उचलून ऑटोकडं नेत होतो तेव्हा मी मागं वळून पाहिलं. एक म्हातारी उकिडवी बसून ती सांडलेली भुकटी तळहातानं गोळा करत होती आणि पदराच्या टोकात बांधत होती.

 गावाजवळ आल्यावर मावशी म्हणाली, "बाजारात न्हाई जमायचं. ज्या माझ्या घरी आल्त्या त्यांच्या घरी जाऊ."

तिला नावं आठवत नव्हती. पण कोण कुठून आली होती, कुणाच्या नाकात कसली चमकी होती, कुणासोबत लेक आली होती, हे आठवत होतं. त्यावरून आम्ही शोधत जायचो. दर रविवारी आश्रुबा ऑटो काढायचा. मावशी प्रत्येक दारात तेच सांगायची.

"मी तुमाला घ्या म्हणले. ते चुकलं. पण एकदम बंद करू नका, एकदम बंद केलं की जीव जातो. गंगाखेडला जा, राजेश्री मॅडमला डबी दावा, त्या सांगतील तसं करा."

काही घरांत ऐकून घेतलं. काही घरांत पाणीसुद्धा विचारलं नाही. एकीनं तोंडावर सांगितलं, आमाला गुण आलाय, तुमच्या पोटात कामून दुखतंय. ती पाटलीणबाई स्वतः बाहेर आलीच नाही, गडी पाठवला. नदीकाठच्या एका गावात आम्ही पोचलो तर जिच्याकडं गेलो होतो ती बाई आधीच वारली होती. तिच्या सुनेनं मावशीला ओळखलं. आम्हाला वाटलं, आता ही शिव्या देईल. ती आत गेली, तांब्याभर पाणी आणलं, मावशीला दिलं आणि न बोलता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मावशीनं तांब्या तसाच उंबऱ्यावर ठेवला.

या फेऱ्यांत मी तिच्याशी गरजेपुरती बोलायला लागले. पाय नीट घे, गोळी घेतलीस का, असं. माफ केलं असं मी म्हणाले नाही आणि तिनंही विचारलं नाही. एकदा मी तिचे कागद घेऊन दवाखान्यात गेले होते तेव्हा राजेश्री मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मावशीनं पाठवलेल्या बाया येतात माझ्याकडं. कालही दोघी आल्या." हे मी घरी येऊन तिला सांगितलं. तिनं विचारलं, "कोनत्या गावच्या?" मला ते विचारायचं सुचलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली होती. एका गावात ऑटोतून उतरताना तिनं पाय खाली टेकवला आणि काडकन आवाज आला. मला वाटलं ऑटोचंच काही तरी मोडलं. ती जागच्या जागी खचली. मांडीचं हाड मोडलं होतं. पडली म्हणून हाड मोडलं नाही, हाड मोडलं म्हणून पडली, असं एक्स-रे बघून मॅडम म्हणाल्या. साखर आणि हृदय बघता ऑपरेशन करायला कुणी तयार झालं नाही. पायाला वजन बांधून तिला घरी खाटेवर ठेवलं.

तपासणीचा निकाल आला तो ती खाटेवर असताना. डबीत स्टिरॉइड निघालं. बन्सीधरवर गुन्हा दाखल झाला, गंगाखेडच्या त्याच्या दुकानाला सील लागलं. मी पेपरातली बातमी तिला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "टेम्पो बंद झाला का?" इकडचा झाला होता. पुढं बालाजीनं दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात तसाच टेम्पो बघितला. डबी निळी होती, नाव दुसरं होतं आणि तिच्यावर दुसऱ्या कुण्या बाईचा फोटो होता. ते आम्ही तिला सांगितलं नाही.

शाळा सुटली की मी रोज तिच्याजवळ जाऊन बसायचे. पाठीला जखमा झाल्या होत्या, बबिता त्या पुसायची तेव्हा मी तिला कुशीवर धरून ठेवायचे. त्या वर्षी बालाजी आणि बबिता हंगामाला उशिरा जाणार होते. मुकादमाचे फोन येत होते. मावशीला ते ऐकू जायचं.

एका संध्याकाळी तिनं मला विचारलं, "सुके, सुमन शेवटाला काय म्हणली?"

हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. नांदेडला आईचा पाय कापल्यानंतर तिला त्या नसलेल्या पायात कळा यायच्या. ती मला म्हणायची, सरजीकडून डबी आण, तिच्याशिवाय हे थांबायचं न्हाई. शेवटपर्यंत तेच म्हणत होती.

"तुझं नाव घेतलं," मी म्हणाले.

"शिव्या दिल्या?"

"नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी पुढं काही सांगेन असं तिला वाटलं असावं. मग तिनं डोळे मिटले. "तिची मोळी मी हलकी बांधायचे," असं काहीतरी पुटपुटली. मी दिवा लावायला उठले.

पंधरवड्यानं, सकाळी बबिता तिला चमच्यानं पेज भरवत असताना ती गेली. बबिताला आधी कळलंही नाही, तिनं पुढचा चमचा तोंडाशी नेला होता. गोदावरीच्या काठावर आम्ही तिला जाळलं. गावातली फार माणसं आली नाहीत. राजेश्री मॅडम मात्र गंगाखेडहून आल्या होत्या, लांब उभ्या राहून परत गेल्या.

कार्यक्रम उरकल्यावर बालाजी आणि बबिता फडावर गेले. घराची किल्ली माझ्याकडं आहे.

अजूनही अधूनमधून एखादी बाई बसथांब्यावर सरजाबाईचं घर विचारत येते. कुणी तरी तिला माझ्या दारात पोचवतं. मी तिला बसवते, पाणी देते, सगळं सांगते. गंगाखेडचा पत्ता देते, राजेश्री मॅडमची बदली झाली असली तरी नव्या डॉक्टरांचं नाव देते. परवा आलेली बाई गुडघे चोळत शांतपणे ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बरं केलं पोरी सांगितलंस. पण आता ती डबी मिळती तर कुठं मिळती?"

मी तिला परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.